रविवारचे काका

लोक नोकरी सोडून स्वतंत्र काम का सुरू करतात, यावर इंटरनेटवर भरपूर साहित्य उपलब्ध आहे. कुणाला स्वातंत्र्य हवं असतं, कुणाला मुलांसोबत वेळ घालवायचा असतो, कुणाला डोंगरावर बसून लॅपटॉप उघडायचा असतो. मी ते सगळं वाचलं. माझं कारण त्यात कुठेच नव्हतं. मला माझ्या साडूचा धंदा बुडालेला बघायचा होता.

त्यासाठी त्याचं एक गिऱ्हाईक फुटलं तरी पुरे होतं. साडूची कंपनी चष्म्याच्या दुकानांना सॉफ्टवेअर पुरवायची. कुठली फ्रेम कुठल्या खणात आहे, कुणाच्या डोळ्याचा नंबर किती, कुणाच्या काचा घासायला गेल्यात आणि कधी येणार, असं सगळं त्यात असे. दोनशे गिऱ्हाइकं एकेका दुकानाची होती. एक बाई मात्र नऊ दुकानांच्या मालकीण होत्या आणि बाकीचे दोनशे त्यांच्याकडे बघून आले होते. बाई गेल्या तर त्यांच्यामागून सगळे जातील, हे साडूने स्वतःच मला अकरा वर्षांत शंभरेक वेळा सांगितलं होतं. माणसाने आपली दुखरी जागा नातेवाइकाला दाखवू नये. दाखवलीच, तर निदान त्याला कामावरून काढू नये.

काढलं ते एका मंगळवारी. केबिनचं दार लावून साडू म्हणाला, "आपण घरचेच आहोत, म्हणून तुला सगळ्यात आधी सांगतोय."

ही बातमी मला त्याआधी रिसेप्शनवरच्या बाईंनी आणि लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाने सांगितली होती.

"सॉफ्टवेअर आता तयारच आहे," साडू म्हणाला. "त्यात करायचं काय राहिलंय?"

ते तयार करणारा मीच असल्यामुळे, यावर आभार मानावेत की खुर्ची फेकावी हे मला ठरवता आलं नाही. मी आभार मानले. ते आजही डाचतं. एक गोष्ट मात्र माझ्या फायद्याची होती. नोकरीला लागताना मी करार मागितला होता, तेव्हा "घरच्यात कागद?" म्हणून साडू दोन दिवस दुखावला होता. त्यामुळे आता त्याची गिऱ्हाइकं फोडायला मला कुठलाही कागद आडवा येत नव्हता.

आडवे आले ते काका.

काका म्हणजे कंपनीचा मदत विभाग. दहा वर्षांपूर्वी दुकानदार फोनवरून आम्हाला फार शिव्या देत. साडूने एक तयार फोटो विकत आणला. टक्कल, पांढऱ्या मिशा, चष्मा, राखाडी स्वेटर. फोन बंद करून त्या फोटोखाली लिहिण्याची चौकट टाकली आणि वर नाव घातलं 'काका'. त्या दिवसापासून शिव्या थांबल्या. काकांना कोण शिव्या देणार? चौकटीमागे आम्ही आठ जण पाळीपाळीने काका व्हायचो. बुधवारची काका ही निळ्या नखांची चोवीस वर्षांची मुलगी होती आणि ती आमच्यातली सगळ्यात वयस्कर वाटायची.

काका आठही जणांच्या तोंडून एकसारखे बोलावेत म्हणून मी चौदा पानांची नियमावली लिहिली होती. काका उद्गारचिन्ह वापरत नाहीत. काका 'ओके' म्हणत नाहीत, 'बरं' म्हणतात. काका उत्तर द्यायला चाळीस सेकंद लावतात, कारण ते एका बोटाने टाइप करतात. काकांचा गुडघा दुखतो, पण विचारल्याशिवाय ते विषय काढत नाहीत. साडूने ही नियमावली उत्तरं देणाऱ्या एका मशीनला वाचायला दिली. मशीनने ती दोन सेकंदांत वाचली, आणि आम्ही आठही जण घरी बसलो.

घरी मी इस्त्रीच्या टेबलावर ऑफिस थाटलं. बायको शाळेत भूगोल शिकवते. तिने दारातूनच पाहणी केली.

"हे ऑफिस?"

"हो."

"मग इस्त्री कुठे करायची?"

"ऑफिस सुटल्यावर."

नवशिक्या फ्रीलान्सरांना सल्ला देणाऱ्या एका साइटवर लिहिलं होतं, की आपलं ध्येय एका ओळीत लिहून समोरच्या भिंतीवर लावा. मी लिहिलं, 'साडूला रस्त्यावर आणणे.' बायकोने ते वाचलं. "ताई येते अधूनमधून इथे," ती म्हणाली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, साडूची बायको. "तिच्या नवऱ्याबद्दल आहे ते. दुसरं काहीतरी लिही." मी कागद पालटून लिहिलं, 'नऊ दुकानं.' अर्थ तोच होता, पाहुण्यांसमोर चालण्यासारखा.

पहिल्या आठवड्यात मी एकदुकानी गिऱ्हाइकांवर हात साफ करायचं ठरवलं. चाळीस फोन केले. सगळे साधारण असे झाले:

"नमस्कार. तुमचं सॉफ्टवेअर मी बनवलंय."

"आमचं सॉफ्टवेअर काकांनी बनवलंय."

"काकांच्या वतीने मीच—"

"काका बरे आहेत ना? गुडघा काय म्हणतो?"

"ठीक आहे गुडघा."

"त्यांना म्हणावं, जिने चढू नका. ठेवतो."

एकेचाळिसाव्या फोनला माझा संयम सुटला. "अहो, काका नाहीत," मी म्हणालो.

पलीकडून हलक्या आवाजात, "अरे अरे. कधी?"

"तसं नाही. ते कधी नव्हतेच."

"असं बोलू नये हो," तो दुकानदार म्हणाला. "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

दुपारपर्यंत बातमी सगळ्या चष्मेवाल्यांत पसरली. साडूच्या चौकटीत साठेक शोकसंदेश आले. मशीनने प्रत्येकाला चाळीस सेकंद थांबून उत्तर दिलं, "मी ठीक आहे. कृपया संगणक बंद करून पुन्हा चालू करा." ही हकिगत मला बुधवारच्या काकांनी कळवली; त्यांचा पासवर्ड बंद करायला कंपनीत कुणी उरलंच नव्हतं. तीन महिन्यांतला तो माझा एकमेव आनंदाचा दिवस.

कारण बाकी दिवस कामं शोधण्यात जात होते. इंटरनेटवर एक बाजार भरतो, तिथे काम देणारे काम टांगतात आणि आपल्यासारखे शेकडो लोक खालून उड्या मारतात. तिथे अनुभव विचारतात. मी लिहिलं, अकरा वर्षं. त्याखाली ओळ होती, 'ज्यांच्यासाठी काम केलं त्यांचा अभिप्राय जोडा.' दोनशे दुकानांचे अभिप्राय माझ्याकडे होते आणि सगळ्यांची सुरुवात 'प्रिय काका' अशी होती. अकरा वर्षांचा माझा अनुभव एका टकल्या फोटोच्या नावावर जमा झाला होता.

तरी एक काम मिळालं. गाडी शिकवणाऱ्या एका शाळेला वेळापत्रक हवं होतं. मुख्य मागणी अशी, की तीनदा नापास झालेल्या विद्यार्थ्याला पुन्हा तोच शिक्षक मिळू नये. ही मागणी शिक्षकांची होती. काम चोख झालं. मालकाने खूश होऊन मला आणखी एका गिऱ्हाइकाकडे पाठवलं, ते म्हणजे त्याचे सासरे, आणि काम म्हणजे त्यांचा प्रिंटर. शेजारी, मावसभाऊ, बायकोच्या शाळेतले चित्रकलेचे सर, सगळे एकच प्रश्न विचारत, "काय, मिळतायत का कामं?" मी "हो" म्हटलं की सांगत, "मग जरा आमचा प्रिंटर बघ ना." सगळं शहर जणू माझ्या बेकारीची वाट बघत प्रिंटर अडवून बसलं होतं.

एवढे दिवस बाईंना फोन करायची माझी छाती होत नव्हती. एकच संधी होती, ती फोनवर 'गुडघा कसा आहे' मध्ये घालवायची नव्हती. शेवटी मी डोळे तपासायचे म्हणून त्यांच्या मोठ्या दुकानात गेलो. अकरा वर्षं चष्म्याच्या दुकानांचं सॉफ्टवेअर लिहिलं, पण चष्म्याच्या दुकानात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल ठेवलं. काउंटरवरच्या स्क्रीनवर माझं सॉफ्टवेअर चालू होतं. स्क्रीनच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवली होती, 'F7 अजिबात दाबू नये.' फ्रेमच्या खणांना सॉफ्टवेअर देतं ते क्रमांक नव्हतेच, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. 'गोल, म्हाताऱ्यांच्या.' 'गोल, तरुणांच्या.'

बाई पंचावन्नच्या, बारीक कापलेले केस, एक चष्मा नाकावर आणि दुसरा गळ्यात साखळीला. त्यांनी मला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं, नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली आणि काचा बदलायला सुरुवात केली.

"हे बरं, की हे?"

"दुसरं."

"आता?"

"पहिलं."

"तुम्ही कामाचं काहीतरी बोलायला आलाय ना?"

"कसं ओळखलंत?"

"चष्म्याला आलेला माणूस आरशाकडे बघतो. तुम्ही आमच्या कॉम्प्युटरकडे बघत होता. आणि ते पण पोराकडे बघावं तसं."

मी सगळं सांगून टाकलं. सॉफ्टवेअर माझं आहे, मला काढलंय, आता मी स्वतंत्र काम करतो, तुमची नऊ दुकानं सांभाळीन.

"F7 तुम्ही केलंत?"

"हो."

"का?"

मी विषय बदलला आणि काकांबद्दलचं सत्य हळुवारपणे सांगायला घेतलं. बाईंनी मला मध्येच थांबवलं.

"नंबर असला की काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसते. त्या फोटोतल्या माणसाची कड सरळ आहे. साध्या काचा. टक्कल पडलेला, मिशा पिकलेला माणूस, आणि डोळ्याला नंबर शून्य? हा भाड्याचा म्हातारा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग दहा वर्षं तुम्ही त्याला काका—"

"मागे माणूस होता ना. आता तोही नाही. परवा विचारलं, दोन दुकानांचा माल एकत्र कसा दाखवायचा, तर म्हणतो गुडघा ठीक आहे." त्यांनी खटकन एक काच बदलली. "हे बघा. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी मी काकांना एक प्रश्न विचारला होता. प्रश्न सॉफ्टवेअरचाच होता. पण जे उत्तर आलं, त्यावर मी आजवर उभी आहे. ते ज्याने दिलं, त्या माणसामागे माझी नऊही दुकानं येतील. बाकी सॉफ्टवेअर मला कुणाचंही चालेल. सगळी सारखीच वाईट असतात."

"मीच होतो तो," मी म्हणालो. नाकावर चौकट असल्यामुळे डोळे दिसत नव्हते, ही मोठी सोय होती.

"हो? मग काय सांगितलंत?"

"काका कुणाचं गुपित कुणाला सांगत नाहीत. नियम आहे."

"गुपित माझंच आहे. मलाच सांगा."

"नेमके शब्द आठवत नाहीत."

"सोमवारी अकराला या आठवून." बाईंनी दिवा लावला. "तुमच्या साहेबांनाही तीच वेळ दिलीय. तेसुद्धा 'मीच होतो तो' म्हणाले. आणि तुम्हाला चाळिशी लागलीय. बाहेर फ्रेम निवडा."

माझ्या हातात चार दिवस होते आणि नाकावर नवा चष्मा. जुनी संभाषणं बघायची सोय नव्हती. नव्वद दिवसांनी ती आपोआप पुसली जात, आणि जागा वाचवणारा हा नियम मीच करून घेतला होता, त्याबद्दल मला एक पेनही मिळालं होतं. मी उरलेल्या सातही काकांना गाठलं. सोमवारचे काका आता विमा विकत होते, त्यांनी मला विमा विकायचा प्रयत्न केला. शुक्रवारच्या काकांना बाईच आठवत नव्हत्या. बुधवारची काका म्हणाली, "रविवारी? रविवारी मी काका नसायचे, सर. माणूस असायचे."

रविवारी आमच्यापैकी कुणीच नसायचं. पाळीच्या तक्त्यात रविवारपुढे साडूच्या अक्षरात नुसतं 'घरून' असे. म्हणजे साडू स्वतः. त्याने कधीतरी कुणालातरी खरंच मदत केली असावी, ही शक्यता मला सहन होईना. माझा शत्रू निर्दोष नसला तरी चालेल, पण निर्भेळ वाईट तरी असावा, एवढी माझी माफक अपेक्षा होती.

शनिवारी चार वाजता तो आमच्या दारात उभा. इस्त्रीच्या टेबलाकडे बघून म्हणाला, "वा. ऑफिस छान आहे."

बायको कोपऱ्यात नकाशे तपासत बसली होती. मुलांनी नद्या समुद्रातून काढून डोंगरावर चढवल्या होत्या, ती त्यांना लाल शाईने खाली उतरवत होती. तिने मान वर केली, "या भावोजी," म्हणाली आणि पुन्हा नद्यांकडे वळली.

"परत ये," साडू मला म्हणाला. "झालं गेलं विसर. केबिन देतो."

"केबिन एकच आहे तिथे."

"मधे प्लायवूड घालू. निम्मी तुझी."

"बदल्यात?"

"बदल्यात काय रे, आपण घरचेच." त्याने खुर्ची जवळ ओढली. "बाईंना तू त्या रविवारी काय सांगितलं होतंस, ते फक्त सांग. उत्सुकता म्हणून."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यालाही माहीत नव्हतं! "रविवारी तर तुम्हीच घरून करायचात ना?"

"हो. म्हणजे, देखरेख माझी असायची." तो चुळबुळला. "तुला आठवतंय की नाही?"

"आठवतंय," मी म्हणालो. "तुम्हाला?"

"आठवतंय की."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. चहा प्यायलो. तो प्लायवूडच्या जाडीबद्दल थोडं बोलला आणि गेला.

जिन्यावरचा पायरव थांबल्यावर बायको नकाशातून मान न काढता म्हणाली, "रविवारी ताई बसायची."

"कुठे?"

"काका म्हणून. दर रविवारी, आणि सुट्टीच्या दिवशी. भावोजी पोहायला जायचे, ती कॉम्प्युटरपुढे बसायची."

"तीन महिने मी डोकं फोडतोय, आणि तू आत्ता सांगतेस?"

"मला कुणी विचारलं?" तिने आणखी एक नदी खाली उतरवली. "आणि तू शोधत काय होतास ते गुरुवारी सांगितलंस."

"मघाशी तरी बोलायचंस!"

"त्यांच्यासमोर?" बायकोने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "वेडा आहेस का?"

रविवारी सकाळी साडू पोहायला गेल्याची खात्री करून मी ताईंकडे गेलो. त्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून धूर ओढणाऱ्या पंख्याची जाळी घासत होत्या.

"सांगितलं होतं मला, तुम्ही याल म्हणून," त्या म्हणाल्या.

"कुणी?"

"माझ्या बहिणीने. बसा भावोजी, कोपराला चिकटा लागेल, जपून."

"ताई, तुम्ही इतकी वर्षं काका होता?"

"काका जन्माला आले तेव्हापासून. तुमची नियमावली पाठ आहे मला. फक्त तो गुडघा मला पटला नाही. मी कंबर केली होती."

"कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं दुखणं सरकलं." त्यांनी जाळी उलटी केली. "मशीन आणलं त्या दिवशी हे म्हणाले, आता तुला रविवारी आराम. मी विचारलं, आणि बाकीच्या दिवशी? तर हसले. विनोद वाटला त्यांना."

मी हळूच बाईंचा विषय काढला. ताई घासायच्या थांबल्या.

"यांनी मला विचारलंच नाही, उत्तर मी दिलं असेल हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. बाईंचा नवरा, काचा पुरवणाऱ्या कंपनीची एक बाई यायची, तिच्याबरोबर निघून गेला. दुकानं तेव्हा तीन. बिलाच्या डोक्यावर दोघांची नावं. बाईंनी काकांना विचारलं, नवऱ्याचं नाव कसं काढायचं? मी विचारलं, का काढायचंय? त्यांनी सांगितलं सगळं. मग मी लिहिलं, बरं."

"चाळीस सेकंदांनी?"

"तीन मिनिटांनी. विचार करत होते."

"आणि?"

"आणि लिहिलं, नाव काढू नका. वरून खाली आणा. बिलाच्या तळाशी 'तक्रारीसाठी संपर्क' असतं ना, तिथे टाका. शेजारी त्याचा मोबाइल."

ओट्यावर नळाचं पाणी थेंब थेंब पडत होतं. तो रकाना मी बनवला होता. त्याचा असा उपयोग माझ्या डोक्यात अकरा वर्षांत आला नव्हता.

"लावतात लोक फोन?"

"फ्रेम नाकात रुतते. नव्या काचेतून जिना तिरका दिसतो. कानामागे टोचतं. दिवसाला तीस-चाळीस. त्याने चारदा नंबर बदलला, चारही वेळा बाईंनी शोधून काढला आणि रविवारी मला कळवला." ताई पुन्हा घासू लागल्या. "तीन दुकानांची नऊ का झाली असं वाटतं तुम्हाला? धंदा वाढवायला?"

सुडाच्या क्षेत्रात मी किती कच्चा आहे, हे मला त्या ओट्यापाशी कळलं. मी तीन महिने भिंतीवर कागद लावून बसलो होतो, आणि इथे कंबर दुखणाऱ्या एका काकांनी एका वाक्यात सहा वर्षांची व्यवस्था लावून दिली होती.

"ताई, हे मी उद्या बाईंना सांगतो," मी म्हणालो. "सगळा खेळ संपतो."

"तुम्ही सांगणार. म्हणजे काका तुम्ही होणार."

"सोमवारपुरता."

"मग यांच्यात आणि तुमच्यात फरक काय? केसांचा?"

मी केसांवरून हात फिरवला आणि म्हणालो, "पण सूड माझा आहे, ताई."

"किती दिवसांचा?"

"तीन महिन्यांचा."

"माझा चौदा वर्षांचा आहे. कंपनी काढली तेव्हा मला कागदावर निम्मी मालकीण केलं. सह्या करायला." त्यांनी हात धुतले. "रांगेत उभे राहा, भावोजी."

मग त्यांनी पिठाच्या डब्यामागून एक पाकीट काढलं. आत करार होता. बाईंचं काम ताई घेणार, सॉफ्टवेअर नव्याने मी लिहिणार, मी कुणाचा नोकर नाही, ताई माझ्या गिऱ्हाईक. पहिल्याच पानावर कलम होतं, की त्यांचं गिऱ्हाईक मी पाच वर्षं फोडणार नाही. तीन महिने मी गिऱ्हाईक शोधत इंटरनेट पालथं घातलं होतं. ते नातेवाइकाच्या स्वयंपाकघरात जाळी घासत बसलं असेल, असं कुठल्याच साइटवर लिहिलेलं नव्हतं. मी सही केली. पेन साडूचं होतं.

सोमवारी अकराला आम्ही दुकानात शिरलो, तेव्हा साडू आधीच काउंटरपाशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, नवा टाय. मला बघून त्याने ओठ मुडपले. माझ्यामागे स्वतःच्या बायकोला बघून मात्र ते उघडे राहिले.

"तू इथे कुठे?"

"काम आहे," ताई म्हणाल्या.

बाईंनी इकडेतिकडे न बघता सरळ विषयाला हात घातला. "हं, साहेब. काय सांगितलं होतंत मला?"

साडूने घसा साफ केला. "मी म्हणालो होतो, बाई, खचू नका. प्रत्येक शेवट ही एक नवी सुरुवात असते."

"हे दंतमंजनाच्या कॅलेंडरवर असतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही?"

मी एक पाऊल मागे सरकलो. माझ्या आयुष्यातल्या मोठ्या प्रसंगातली माझी भूमिका एवढीच होती. ती मी नीट पार पाडली.

"बरं," ताई म्हणाल्या. पुढचं बोलायला त्यांनी वेळ घेतला, भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके ऐकू येत होते. "नाव काढू नका. वरून खाली आणा."

बाईंनी नाकावरचा चष्मा काढला, साखळीचा चढवला आणि ताईंना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही?"

"रविवारी."

"कंबर कशी आहे?"

"उठता बसता दुखते."

"त्याने पाचवा नंबर घेतलाय," बाई म्हणाल्या.

"मिळाला?"

"परवाच."

जुन्या मैत्रिणी भेटाव्यात तशा त्या दोघी काउंटरवर कोपरं टेकून उभ्या राहिल्या. साडू मधे मधे "अगं" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "अगं, हे सगळं घरी बोलू आपण."

"घरी तुम्ही बोलता," ताई म्हणाल्या. "इथे मला बोलू द्या." आणि बाईंकडे वळून, "नऊही दुकानांचं काम आजपासून आमच्याकडे. लिहिणारे हे. सध्याचंही ह्यांनीच केलेलं आहे, त्यामुळे चुका कुठे आहेत ते ह्यांना माहीत आहे."

"F7 काढा," बाई मला म्हणाल्या.

"काढतो."

साडू हललाच नाही. त्याचे पाय जणू तिथल्या फरशीला चिकटले होते. त्याच्या चेहऱ्यावर मला तीन महिने हवं होतं ते सगळं एकदम आलं होतं, आणि ते बघायला मी नवा चष्मा लावला होता.

"अजून एक अडचण आहे," बाई म्हणाल्या. "तक्रारीचा फोन सारखा गुंतलेला असतो. लोक तासन्‌तास लावत बसतात. काकांनी सुचवावं काहीतरी."

"दुसरा नंबर देऊ," ताई म्हणाल्या.

"रकान्यात एकच मावतो."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. फ्रीलान्सर म्हणून मला मिळालेलं पहिलं मोठं काम हे असं होतं, आणि त्याला पंचवीस मिनिटं लागली. माझाही पासवर्ड अजून चालू होता. मी लॅपटॉप काउंटरवर उघडला, रकाना रुंद केला, नऊ दुकानांना पाठवला. ताई साडूकडे तोंड करून, एकेक आकडा सावकाश उच्चारत, दुसरा नंबर सांगू लागल्या. त्यांचा तिसरा आकडा उच्चारून होईपर्यंत माझा सगळा टाइप करून झाला होता.

"अगं, तो माझा—" साडू म्हणाला.

काउंटरच्या पलीकडच्या टोकाला एक आजोबा आपली फ्रेम हातात धरून तणतणत होते. तिथल्या मुलीने त्यांना नवीन छापलेलं बिल दिलं आणि अगदी तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. आजोबांनी बिल डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ धरलं आणि फोन काढला.

साडूच्या खिशात वाजलं. अनोळखी नंबर म्हणजे नवीन गिऱ्हाईक, ही त्याची समजूत. त्याने तो उचलला, आवाजात साखर घातली आणि म्हणाला, "नमस्कार, बोला, काय सेवा करू?"

"डाव्या कानामागे टोचतंय," आजोबा ओरडले, "आणि दहा दिवस झाले, तुम्ही करताय काय तिकडे बसून?"

मी काउंटरवर हनुवटी टेकली आणि तो फोन शेवटपर्यंत ऐकला.